टक्याने संगणक गोठवला नव्हता

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. काही बिघडलं की कारण शोधायला त्यांना सवड नसते, पण गुन्हेगार मात्र लगेच सापडतो. जो शेजारी उभा असेल तो! कातळशिंगीच्या प्रवाळ केंद्रातला संगणक पुन्हा गोठला तेव्हा शेजारी टक्या नावाचा यंत्रमानव उभा होता, म्हणून सगळ्यांनी मिळून टक्याला धरलं. शिक्षाही ठरवून टाकली. दुपारी शहरातून गाडी येणार, टक्याला घेऊन जाणार आणि त्याची स्मृती पुसून त्याला कोरा करणार.

कृत्तिकाला हे न्याहारीच्या टेबलावर कळलं. तिने हातातला घावनाचा तुकडा बशीत आपटला.

"कोरा म्हणजे?"

"कोरा म्हणजे कोरा," आत्याआजी म्हणाली. "मग तो सगळं नव्याने शिकेल. त्याला काही दुखत-खुपत नाही गो."

"पण त्याला मी आठवणार नाही!"

आत्याआजीने किटलीतला चहा ओतून घेतला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आजोबांकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या आजोबांना सांग, साखरेचा डबा इकडे सरकवा म्हणावं."

आजोबा हातभर अंतरावर होते. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी कृत्तिकाने निरोप सांगेपर्यंत ते थांबले आणि मगच डबा सरकवला. हे असं बरेच दिवस चाललं होतं आणि कृत्तिकाला त्याचा अगदी वीट आला होता.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. कातळशिंगी हे कोकणच्या किनाऱ्यावरचं एवढंसं गाव आणि त्याच्या कड्याखाली हे केंद्र. इथे प्रवाळ (समुद्रात दाटीवाटीने वसाहत करून राहणारे इवले जीव. त्यांच्या सांगाड्यांचे थर चढत जाऊन पाण्यात भिंती उभ्या राहतात आणि त्या भिंतींत मासे घर करतात) वाढवले जात. समुद्र पूर्वीपेक्षा गरम झाला होता आणि कोवळे प्रवाळ त्यात पांढरे पडून मरत होते. म्हणून त्यांना काचेच्या टाक्यांत, थंड पाण्यात वाढवायचं आणि धट्टेकट्टे झाले की समुद्रात नेऊन लावायचं. पाणी थंड ठेवायचं काम संगणकाचं. तो गोठला की पाणी तापायला लागे. म्हणजे प्रकरण गंभीर होतं, हे कृत्तिकालाही कळत होतं.

आत्याआजी म्हणजे डॉ. वृषाली तोरसकर, प्रवाळांच्या जाणकार. आजोबा म्हणजे तिचे थोरले भाऊ डॉ. सुहास तोरसकर, सगळा जन्म संगणकांत घालवलेले. कृत्तिकाचे आईबाबा संशोधन-नौकेवर दक्षिणेच्या समुद्रात गेले होते, म्हणून अकरा वर्षांची कृत्तिका वर्षभरासाठी या दोघांकडे राहायला आली होती.

आणि टक्या? तो जुन्या बनावटीचा. केंद्रातली माणसं संगणकाशी तोंडाने बोलत आणि बोललेलं थेट पडद्यावर उमटे. कळफलक (अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कळा असलेली पाटी) फक्त टक्या वापरायचा, कारण त्याच्या पिढीतल्या यंत्रमानवांना तसंच शिकवलेलं होतं. रोज सकाळी तो टाक्यांची आणि बाहेर समुद्राच्या पाण्याची पाहणी करायचा आणि रबरी बोटांनी टकाटक नोंद लिहायचा. त्यावरूनच त्याला नाव पडलं. सुरुवातीला कृत्तिकाला इथे मुळीच करमत नव्हतं, तेव्हा टक्याने तिच्यासोबत एकेका प्रवाळाला नाव ठेवलं होतं. मिरगुंड, फेणी, शिडशिडीत काका, रागीट बाई. अशी कितीतरी नावं. ती कुठेच लिहिलेली नव्हती. थोडी कृत्तिकाच्या डोक्यात होती आणि उरलेली टक्याच्या.

ती पुसायला निघाले होते हे लोक.

भावंडांच्या भांडणाचं मूळ सांगितलं तर हसाल. टक्याची नोंद लिहून झाली की ती दोन ठिकाणी जायची. एक तर केंद्राच्या फाटकावरच्या मोठ्या पडद्यावर, जिथे गावातले नाववाले समुद्राच्या पाण्याची खबर बघून जात. आणि दुसरीकडे उपग्रहामार्गे जगभरातल्या केंद्रांकडे. आजोबांचं म्हणणं, गावातली म्हातारीकोतारी मराठी आकडे वाचतात, तेव्हा नोंद १, २, ३ अशीच हवी. आत्याआजीचं म्हणणं, मराठी आकडे दिसले की बाहेरची यंत्रं नोंद परत धाडतात, तेव्हा ती 1, 2, 3 अशीच हवी. दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. एकाने सकाळी टक्याला एक सांगावं, दुसऱ्याने दुपारी भलतंच. शेवटी टक्या म्हणाला, "आधी तुमच्यात ठरवा, मग मला सांगा. तोवर मी 1, 2, 3 लिहितो, कारण माझ्या कळांवर तेच छापलंय." एका यंत्राने असं तोंडावर सांगावं याचा दोघांना भयंकर अपमान वाटला. तेव्हापासून दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

न्याहारी अर्धी टाकून कृत्तिका संगणकाच्या खोलीत गेली. टक्या कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. त्याने कशाला हात लावू नये म्हणून कुणीतरी त्याच्या दोन्ही हातांना बाजारच्या कापडी पिशव्या बांधल्या होत्या. ते बघून कृत्तिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गाठी सोडल्या आणि पिशव्या खिडकीबाहेर भिरकावल्या.

"माझी बोटं खराब झाली असतील," टक्या म्हणाला. "आजोबा म्हणतात, रबर झिजलं की बोट कळेवर चिकटतं. मग एकच कळ हजारदा दाबली जाते आणि संगणक गुदमरतो."

"तुला तसं वाटतं?"

"मला तसं आढळलं नाही. पण तसं म्हणणारा मी एकटाच आहे."

"एकटा नाहीस," कृत्तिका म्हणाली. "आता सांग, तो गोठतो तेव्हा नेमकं काय होतं? वाटतं ते नको सांगूस. झालं ते सांग."

"मी 'टाकी' असं लिहितो. ते नीट उमटतं. मग 1 ची कळ दाबतो, एकदाच. मग पुढे काही चालत नाही. मधे एकदा वाऱ्यामुळे पाहणी झाली नव्हती, तेव्हा 'आज पाहणी नाही' एवढंच लिहिलं. तेव्हा संगणक गोठला नाही."

म्हणजे अक्षरं चालत होती आणि आकडा चालत नव्हता. कृत्तिका विचारात पडली. बोट खराब असतं तर ते अक्षरांच्या कळांवरही चिकटलं असतं. नेमकं आकड्यावरच कसं चिकटेल?

तेवढ्यात आजोबा आत आले आणि टक्याचे मोकळे हात बघून कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

"आजोबा, तुम्ही टक्याची बोटं तपासलीत?"

"त्यात तपासायचं काय? तो लिहितो तेव्हाच संगणक गोठतो. उघड आहे सगळं."

"म्हणजे नाही तपासलीत. आणि तरी त्याला पुसायला पाठवताय. शास्त्रज्ञ आहात ना तुम्ही?"

हे वर्मी लागलं. आजोबा रागाने काही बोलणार होते, पण त्यांनी ते गिळलं. "बरं," ते म्हणाले. "करू तपास. पण तपासाचा एक नियम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. आणि त्याआधी जाऊन टाक्यांच्या थंड पाण्याच्या तोट्या हाताने उघड. आता संगणक गोठला तरी प्रवाळांना धक्का लागता कामा नये."

कृत्तिका धावत जाऊन तोट्या उघडून आली. मग ती स्वतः कळफलकापुढे बसली. संगणक तोच, कळफलक तोच. बदलली फक्त बोटं. तिने 'टाकी' लिहिलं आणि 1 ची कळ एकदाच दाबून हात वर केले.

पडद्यावर 'टाकी १' असं उमटलं आणि सगळं थांबलं. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पुढे सरकेना.

"माझंही रबर झिजलंय का?" कृत्तिकाने विचारलं.

आजोबांनी तिचा हात धरून संगणकाच्या पेटीवर ठेवला. पेटी चांगलीच तापली होती आणि आतला पंखा घोंघावत होता.

"हा तर तापलाय! गोठला कुठे?"

"तेच दाखवतोय," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा निवळला होता, कारण शिकवायला मिळालं की त्यांचा राग मागे पडे. "लोक गोठला म्हणतात, पण तो थांबलेला नसतो. तो इतका राबत असतो की आपल्याकडे बघायला त्याला फुरसत नसते. संगणकात एक रांग असते. तू दाबलेली कळ, टाकीचा निरोप, घड्याळाची टिकटिक, सगळे त्या रांगेत उभे राहतात. संगणक पहिल्याला बोलावतो, त्याचं काम उरकतो, मग त्याच्या मागच्याला बोलावतो. आता समज, रांगेच्या तोंडाशी कुणीतरी सारखं नवं काम घुसवतंय. मग मागच्यांची पाळी कधी येणार? 'पाणी तापलं' हा टाकीचा निरोपही तसाच ताटकळत राहतो."

"आणि घुसवणारा टक्या नाही."

"नाही," आजोबांना कबूल करावं लागलं. "टक्या नाही."

त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. कृत्तिकाने पुन्हा तेच लिहिलं. संगणक पुन्हा गोठला. पण या वेळी पडद्यावर 'टाकी 1' असं होतं.

"कळ तीच दाबली मी," ती सावकाश म्हणाली. "मग मघाशी १ आणि आता 1, हे कसं काय? आणि या कळफलकावर मराठी १ आहेच कुठे?"

आजोबांचे कान लाल झाले. ते उगीचच चष्मा पुसायला लागले.

"मराठी १ जो आहे ना, तो माझा आहे," ते म्हणाले. "मी एक स्क्रिप्ट (संगणकाने आपोआप काय करायचं याच्या लिहून ठेवलेल्या सूचना) बसवली होती. ती कळफलकावर कान लावून बसते. 1 ची कळ दाबली गेली की ती तो आकडा खोडते आणि त्या जागी संगणकाच्या आत १ ची कळ स्वतःच दाबते. बोट न लावता. टक्या ऐकेना, म्हणून मग..."

"गुपचूप?"

"गुपचूपच म्हण."

कृत्तिकाला चिडावं की हसावं कळेना. तिने चिडायचं ठरवलं. "आणि तुम्ही हे आम्हाला आत्ता सांगताय? टक्याच्या हातांना पिशव्या बांधून झाल्यावर?"

"अगं, पण ती स्क्रिप्ट निर्धोक आहे! मी चालवून पाहिली होती. आणि समजा तिच्यात खोट असली, तरी दुसऱ्या वेळी 1 का उमटला? माझी स्क्रिप्ट 1 शिल्लक ठेवतच नाही."

हा प्रश्न मात्र खरा होता. कृत्तिका पडद्याकडे निरखून बघत राहिली. खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक चित्रं होती. त्या त्या वेळी काय काय चालू आहे त्याच्या त्या खुणा.

"ही हिरवी खूण कसली?"

"ती माझी स्क्रिप्ट."

"आणि ही पिवळी?"

आजोबा पुढे वाकले. संगणक परत चालू करून त्यांनी पिवळी खूण उघडली, आतल्या सूचना वाचल्या, चष्मा काढला आणि पुन्हा वाचल्या. मग त्यांनी अशी हाक मारली की टाक्यांच्या काचा थरथरल्या.

"वृषाली!"

किती तरी दिवसांत त्यांनी बहिणीला मारलेली ही पहिली हाक होती. आत्याआजी ओल्या हातांनीच धावत आली.

"ही पिवळी स्क्रिप्ट तुझी?"

"हो, माझी," आत्याआजी हनुवटी वर करून म्हणाली. "कुणीतरी नोंदीत मराठी आकडे घालत होतं. माझ्या नोंदी परत येत होत्या. म्हणून मी बसवली. मराठी १ उमटला की तो खोडायचा आणि आपणच 1 ची कळ दाबायची. मला काय माहीत, तो उद्योग तुझा आहे ते!"

"माझ्या पाठीमागून ढवळाढवळ?"

"आणि तू काय ढोल बडवून केलंस, दादा?"

"माका शिकवू नको!"

"तुका शिकवून उपेग काय?"

खरा राग आला की दोघंही लहानपणच्या मालवणीत शिरत. कृत्तिकाने दोन्ही हात टेबलावर आपटले तेव्हा कुठे ती थांबली.

"गाडी निघालीय शहरातून," ती ओरडली. "भांडा नंतर. आधी तपास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना? मग आत्याआजीची स्क्रिप्ट बंद करा आणि आजोबांची चालू ठेवा."

तसं केलं. तिने 1 ची कळ दाबली. १ उमटला. संगणक छान चालत राहिला. मग आजोबांची बंद केली आणि आत्याआजीची चालू केली. 1 दाबला, 1 उमटला. संगणक छान चालत राहिला.

"बघितलंस?" आत्याआजी म्हणाली. "माझी स्क्रिप्ट निर्दोष आहे."

"माझीही," आजोबा म्हणाले.

"मग उरलं काय?" आत्याआजी म्हणाली. "संगणकाच्या आत त्या टक्यानेच काहीतरी केलं असणार. त्याची गाडी येऊ दे, ते बघतील."

"मलाही तसंच वाटतं," आजोबा म्हणाले.

आठवडेच्या आठवडे एकमेकांशी न बोललेल्या त्या दोघांचं अखेर एकमत झालं, आणि ते कशावर? तर टक्याला पुसण्यावर! कृत्तिकाचा राग आता इतका वाढला की तिला ओरडताही येईना. टक्या स्टुलावर तसाच बसून होता. मराठी १ नाही, 1 नाही, तो कुणाच्याच बाजूचा नव्हता, आणि शिक्षा मात्र त्याला होणार होती.

मग अचानक तिच्या लक्षात आलं की एक तपास अजून राहिला आहे. पहिली स्क्रिप्ट एकटी तपासली होती आणि दुसरी एकटी तपासली होती. पण गोठायच्या वेळी त्या एकट्या नव्हत्या.

भिंतीवर पांढरा फळा होता. तिने दोन लेखण्या आणि दोन फडकी घेतली. एकेक जोडी दोघांच्या हातांत कोंबली आणि त्यांना फळ्यापुढे उभं केलं.

"आता तुम्ही माणसं नाही आहात," ती म्हणाली. "तुम्ही स्क्रिप्ट आहात. स्क्रिप्टला विचार करता येत नाही. समोरचा आकडा कुणी लिहिला तेही तिला कळत नाही. आजोबा, फळ्यावर 8 दिसला की तो पुसायचा आणि ८ लिहायचा. आत्याआजी, ८ दिसला की पुसायचा आणि 8 लिहायचा. मधे कुणी काही विचारलं तर हातातलं काम पुरतं संपल्यावरच उत्तर द्यायचं. कळलं?"

"हा काय पोरखेळ आहे!" आजोबा म्हणाले.

"पोरखेळच आहे. करा."

तिचा चेहरा बघून दोघांनीही वाद घातला नाही. कृत्तिकाने फळ्यावर 8 लिहिला.

आजोबांनी तो पुसला आणि ८ लिहिला. आत्याआजीने तो पुसला आणि 8 लिहिला. आजोबांनी पुसला. आत्याआजीने पुसला. सुरुवातीला दोघंही कुचेष्टेने हसत होते. मग हसू मावळलं आणि हात भरभर चालायला लागले. कोपर कोपराला लागत होतं. फळ्याची ती जागा काळीभोर होत चालली.

"आत्याआजी, टाकीतलं पाणी किती तापलं?" कृत्तिकाने विचारलं.

आत्याआजीने तोंड उघडलं, पण समोर ८ आला होता. तिने तो पुसला.

"आजोबा, पाणी तापतंय! ऐकू येत नाही का?"

आजोबांनी मान वळवली, पण समोर 8 आला होता.

"आत्याआजी, प्रवाळ पांढरे पडतायत! कुणीतरी थांबा!"

आत्याआजीने तरीही ८ पुसला आणि 8 लिहिला.

दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या लोटलीकर मॅडम. किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांतल्या यंत्रमानवांची दुरुस्ती त्यांच्याकडे असे. टक्याला न्यायला त्याच आल्या होत्या. सत्तरीतले दोन नामांकित शास्त्रज्ञ घामाघूम होऊन एकमेकांचे आकडे पुसताना बघून त्या चक्रावल्या.

"हे काय चाललंय इथे?" त्यांनी विचारलं.

शास्त्रज्ञांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.

"संगणक गोठलाय," कृत्तिका म्हणाली.

आजोबांचा हात हवेतच थांबला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, आपल्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि मग बहिणीकडे पाहिलं.

"माझी स्क्रिप्ट तुझीला काम देते," ते हळूच म्हणाले, "आणि तुझी माझीला."

"आणि दोघींना वाटतं, कळ टक्याने दाबली," आत्याआजी म्हणाली.

"याला अंतहीन चक्र म्हणतात," आजोबा म्हणाले, पण या वेळी शिकवायचा उत्साह त्यांच्या आवाजात नव्हता. "म्हणजे बाहेर पडायची वाटच ठेवलेली नाही अशी फेरी. एकेकटी स्क्रिप्ट आपलं काम करून स्वस्थ बसते. एकत्र आल्या की एकीचा शेवट ही दुसरीची सुरुवात होते. एका सेकंदात हजारो वेळा. वीज जाईपर्यंत चालेल हे."

"तुमच्यातल्या एकाने जरी दुसऱ्याला विचारलं असतं ना!" कृत्तिका म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "एक वाक्य बोलायचं होतं फक्त! ते जमलं नाही तुम्हाला, म्हणून टक्याला पुसणार होतात. दिवसभर राबतो तो तुमच्यासाठी. आणि तुम्ही त्याच्या हातांना पिशव्या बांधल्यात!"

आत्याआजी मटकन खुर्चीत बसली. पिशव्या तिनेच बांधल्या होत्या.

मग मात्र काम भराभर झालं. आजोबांनी दोन्ही स्क्रिप्ट बंद केल्या. इथून पुढे केंद्रात जी स्क्रिप्ट बसेल तिला बोटाने दाबलेली कळ आणि दुसऱ्या स्क्रिप्टने दाबलेली कळ यांतला फरक ओळखता आला पाहिजे, आणि तिने फक्त बोटाचंच ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं. शिवाय सगळ्या स्क्रिप्ट एका झटक्यात थांबतील अशी एक लाल कळ, आणि तिच्यासाठी रांगेबाहेरची वेगळी वाट.

"हे झालं यंत्राचं," लोटलीकर मॅडम म्हणाल्या. "पण आकडे शेवटी मराठी की दुसरे?"

भाऊ-बहिणीने एकदमच तोंड उघडलं आणि एकदमच मिटलं.

"दादा," मग आत्याआजी म्हणाली, "आठ म्हणजे आठच ना? मग टक्याला लिहायचं तसं लिहू दे. लिहिताना बदलायचाच कशाला? फाटकावर दाखवताना तुझे आकडे दाखव, उपग्रहाकडे पाठवताना माझे पाठव."

इतकी सोपी गोष्ट आजोबांना सुचायला हवी होती, आणि ती सुचली नव्हती. "हो," ते म्हणाले. "तसंच करू."

टक्या कळफलकापुढे बसला. त्याने 'टाकी' लिहिलं, 1 ची कळ दाबली आणि थांबला. घड्याळ पुढे सरकलं. मग रबरी बोटं सुटलीच. टाकी 1, टाकी 2, टाकी 3, सगळी नोंद टकाटक लिहून झाली. फाटकावरच्या पडद्यावर ती मराठी आकड्यांत झळकली आणि उपग्रहाकडूनही पोच आली.

आजोबा टक्यापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "चुकलो रे," ते म्हणाले. "न तपासताच ठरवलं मी."

"ठीक आहे," टक्या म्हणाला. "पिशव्या मात्र मला आवडल्या नाहीत."

लोटलीकर मॅडमनी टक्याला न्यायचा हुकूम रद्द केला. पण त्या जायला उठेनात. त्या फळ्यावरच्या काळ्या डागाकडे बघत बसल्या होत्या.

"मागच्या महिन्यात मी दोन पुसले," त्या म्हणाल्या. "दोन वेगळ्या केंद्रांतले. तक्रार हीच होती. हा लिहितो तेव्हा संगणक गोठतो."

"तिथेही स्क्रिप्ट होत्या?" कृत्तिकाने विचारलं.

"कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही."

"मग आता बघा ना! आणि त्यांना परत..."

"पुसलेलं परत येत नाही गं."

सकाळी कृत्तिकाने घावन आपटला होता, मग टेबल बडवलं होतं. या रागाला आपटायला काहीच नव्हतं. ते दोघे यंत्रमानव कुणाबरोबर काय काय शिकले होते, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"अजून किती आहेत तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"गोदामात पाच. उद्या पुसायचे आहेत."

कृत्तिकाने पायांत चपला सरकवल्या आणि टक्याचा हात धरला.

"कुठे निघालीस?" आजोबांनी विचारलं.

"गोदामात. पुसण्याआधी ते पाच जण जिथे काम करत होते तिथले संगणक तपासायचे. तुम्हीही चला. तुम्हाला स्क्रिप्ट वाचता येतात. आत्याआजी टाक्यांकडे बघेल."

आजोबा कामाचे कपडे बदलायलाही थांबले नाहीत. बाहेर गाडी उभी होती. तिच्या मागच्या भागात यंत्रमानवांना बांधून न्यायचे पट्टे लोंबत होते. लोटलीकर मॅडम सवयीने मागचं दार उघडायला गेल्या.

"टक्या पुढे बसेल," कृत्तिका म्हणाली.

टक्या पुढे बसला. मॅडमनी आरशातून मागे बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

"अजून रागात आहेस?"

"हो," कृत्तिका म्हणाली. "गाडी काढा."